विकत घेतलेला रेडिओ कोणाच्या मर्जीवर वाजतो?

इंटरनेट रेडिओच्या दुनियेत २०२१ साली एक घटना घडली. आपल्याकडे तिची चर्चा झाली नाही, पण व्हायला हवी होती. ‘रेसिव्हा’ नावाची ब्रिटनमधली एक सेवा बंद झाली. ग्रेस डिजिटल, सी. क्रेन अशा अनेक कंपन्यांचे रेडिओ केंद्रांची यादी या एकाच सेवेकडून घेत असत. इंटरनेटवरच्या केंद्राचा पत्ता एफएमच्या आकड्याइतका पक्का नसतो. केंद्रे तो अधूनमधून बदलतात. त्यामुळे रेडिओ दर वेळी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला विचारतो की अमुक केंद्र सध्या कुठे सापडेल, आणि उत्तर आले की मगच आवाज येतो. रेसिव्हाची मालकी तोवर क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या बड्या कंपनीकडे गेलेली होती. आधी जानेवारीअखेरची तारीख जाहीर झाली, मग ती ३० एप्रिलपर्यंत लांबवली गेली आणि त्यानंतर सेवेची मुदत संपली. स्पीकर ठणठणीत, बटणे जागच्या जागी, घरचे वाय-फाय सुरू. तरीही ज्या कामासाठी रेडिओ घेतला ते काम तो करेनासा झाला. दोन वर्षे आधी, २०१९ मध्ये, केंद्रांची यादी पुरवणारा पुरवठादार बदलला तेव्हाही ब्रिटनमधल्या अनेक नामांकित ब्रँडच्या रेडिओंवर साठवलेली आवडती केंद्रे पुसली जाऊन असाच गोंधळ उडाला होता. म्हणजे हा अपघात नाही, या धंद्याची रीतच आहे.

मात्र याच रेडिओंच्या मेन्यूत आणखी एक पर्याय असतो. कुठे त्याला ‘मीडिया प्लेअर’ म्हणतात, कुठे ‘म्युझिक प्लेअर’, तर कुठे ‘होम नेटवर्क’. घरातल्या संगणकावर साठवलेली गाणी त्याच घरच्या वाय-फायवरून रेडिओवर वाजवायची, एवढेच त्याचे काम. केंद्रांची यादी देणारा सर्व्हर बंद पडला तरी या पर्यायाला त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते, कारण हे काम करताना रेडिओ घराबाहेर कोणाला काही विचारतच नाही. बहुतेक ग्राहक हा पर्याय कधी उघडूनही पाहत नाहीत आणि विक्रेते त्याचा उल्लेख करत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की संगीत वाजवणारे कुठलेही वाय-फाय यंत्र घेताना हाच पर्याय सर्वांत आधी तपासावा. आपण पैसे मोजून वस्तू विकत घेतली की एखाद्या कंपनीच्या मर्जीचा तुकडा घेतला, याचा निवाडा तिथे होतो.

ही यंत्रणा चालते कशी, हे थोडे जवळून पाहू. त्यात जादू काही नाही. रेडिओवर हा पर्याय निवडला की तो घरच्या नेटवर्कवर एक हाक देतो. ही हाक २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि तिचा अर्थ ‘इथे गाणी पुरवणारे कोणी आहे का?’ असा असतो. संगणकावर, राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर किंवा रास्पबेरी पायसारख्या एखाद्या छोट्या संगणकावर मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर चालू असेल, तर ते ओ देते आणि आपली यादी पुढे करते : कलाकार, अल्बम, प्रकार, फोल्डर. आपण गाणे निवडले की रेडिओ ती फाइल तशीच मागवतो, जसे ब्राउझर एखादे पान मागवतो, आणि वाजवतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. तेवढे ओझे जुन्यातले जुने वाय-फायही सहज वाहते. घराचे इंटरनेट बंद असले, बिल भरायचे राहिले असले, समुद्रातली केबल तुटली असली, तरी राउटरला वीज आहे तोवर गाणे वाजते. या संवादाचे नियम यूपीएनपी या नावाने १९९९ पासून घडत गेले आणि त्यांच्यावर उभे राहिलेले डीएलएनए हे मानक २००३ मध्ये स्थापन झालेल्या कंपन्यांच्या संघटनेने पुढे आणले. गंमत पाहा : ही संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली. कचेरी बंद झाली, पण तिने आखलेल्या नियमांवर चालणारी यंत्रे आजही एकमेकांशी बोलतात. नियम लेखी आणि उघडे असल्यामुळे बोलण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. रेसिव्हाच्या बाबतीत नेमके हेच नव्हते.

याहून बोलका दाखला स्क्वीझबॉक्सचा. स्लिम डिव्हायसेस या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीचे हे यंत्र. घरच्या संगणकावरची गाणी वाजवणे हाच त्याचा मूळ हेतू. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, पुढे स्क्वीझबॉक्स रेडिओ नावाचे मॉडेलही आणले आणि २०१२ मध्ये सगळी मालिकाच गुंडाळली. २०२४ च्या सुरुवातीला तिची ऑनलाइन सेवाही बंद झाली. एखादे यंत्र कायमचे अडगळीत जायला एवढे पुरेसे होते. पण गाणी पुरवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर पहिल्यापासून खुले होते, त्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येत होता. हौशी प्रोग्रॅमरांनी ते सांभाळले, वाढवले, आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने ते चालू आहे आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे स्क्वीझबॉक्स त्याच्या जिवावर आजही वाजत आहेत. कंपनीने हात काढून घेतल्यावरही यंत्र जगले, कारण त्याचा प्राण मालकाच्या घरात होता.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर युक्तिवाद एकांगी होईल. घरच्या फाइल वाजवण्याची सोय आहे म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असे नाही. सोनोस या महागड्या स्पीकरच्या कंपनीने मे २०२४ मध्ये आपले मोबाइल अ‍ॅप नव्याने आणले. त्यातून घरच्या संग्रहात शोध घेण्याची सोय, स्लीप टायमर अशा नेहमीच्या वापरातल्या गोष्टी गायब होत्या. गाणी घरात, स्पीकर घरात. पण दोघांची गाठ घालून देणारे अ‍ॅप कंपनीचे, आणि ते एका रात्रीत बदलले. ओरड इतकी झाली की कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये पदही सोडावे लागले. यातून निघणारा धडा सोपा आहे : ज्या यंत्राला स्वतःची बटणे आणि पडदा नाही, जे केवळ कंपनीच्या अ‍ॅपमधूनच चालते, त्याच्या बाबतीत घरचा संग्रह असूनही आपण परस्वाधीनच राहतो. दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. पूर्वीचे अनेक इंटरनेट रेडिओ विंडोजचे शेअर केलेले फोल्डर थेट वाचत. त्यासाठी लागणारी एसएमबी१ ही जुनी पद्धत २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये मुळात बंद ठेवली जाऊ लागली. इथे मात्र कंपनीला दोष देता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने याच पद्धतीतल्या भोकातून शिरून जगभरचे संगणक ओलीस धरले होते. जुन्या रेडिओसाठी ती पद्धत पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये. त्या रेडिओला बहुधा यूपीएनपीचा दुसरा रस्ता असतोच. संगणकावर मीडिया सर्व्हरचे एखादे फुकट सॉफ्टवेअर टाकले की भागते. फक्त हा सर्व्हर घराबाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. महिन्याला शे-दीडशे रुपयांत कोट्यवधी गाणी ऐकायला मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि स्ट्रीमिंग बंद करा असे मी म्हणतही नाही. नवे गाणे ऐकायला, अनोळखी गायक शोधायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. पण ज्या गाण्यांशिवाय आपले चालणार नाही ती तिथे ठेवून निर्धास्त राहता येते का, हे गेल्या काही वर्षांच्या हकिकतीवरून तपासावे. गूगल प्ले म्युझिकने लोकांना स्वतःची ५०,००० पर्यंत गाणी चढवून ठेवायला दिली आणि २०२० च्या अखेरीस दुकान बंद केले. अ‍ॅमेझॉननेही ग्राहकांच्या स्वतःच्या गाण्यांची साठवण गुंडाळली. ‘गाना’ हे अ‍ॅप २०२२ मध्ये केवळ पैसे भरणाऱ्यांपुरते उरले. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक कंपनीशी करार न जमल्याने तिची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. पैसे भरणाऱ्या श्रोत्याला त्यात ना विचारणा झाली, ना भरपाई मिळाली. एअरटेलचे विंक २०२४ मध्ये बंद झाले. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे आपल्याकडे आहे असा पुष्कळांचा समज असतो. ते कुलूपबंद असते आणि अ‍ॅपबरोबरच जाते. भाडेकरूची अवस्था यापेक्षा वेगळी नसते. भाड्याने राहण्यात गैर काही नाही, फक्त सातबारा आपल्या नावावर आहे असे समजू नये.

शिवाय मराठी श्रोत्याच्या दृष्टीने कोट्यवधी हा आकडा फसवा आहे. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्याचे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभर चालले. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा निरनिराळ्या गायकांचे आवाज होते. पुढे घरोघर पोहोचले ते मुख्यतः सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले ध्वनिमुद्रण. दोन्हींचे मोल वेगळे, पण सेवेच्या यादीत जे असते तेच ‘गीतरामायण’ असे नव्या श्रोत्याला वाटते. आणि हे तर गाजलेल्या कृतीबद्दल झाले. गावच्या सप्ताहातले कीर्तन, भजनी मंडळाची कॅसेट, एखाद्या संगीत मंडळाने खाजगी बैठकीत केलेले मुद्रण, घरातल्या म्हाताऱ्या बाईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातले समूहगान : या गोष्टी कुठल्याही कंपनीच्या यादीत कधी येणार नाहीत, कारण त्यांना बाजार नाही. त्या कॅसेटींच्या फिती दर वर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत. त्या संगणकावर उतरवून घरच्या रेडिओवर वाजू लागल्या तर निदान ऐकल्या तरी जातील. हार्ड डिस्कच्या तळाशी पडलेली फाइल कोणी मुद्दाम उघडून ऐकत नाही. रेडिओच्या मेन्यूत दिसणारे गाणे हाताशी आले म्हणून ऐकले जाते. जतन करणे आणि ऐकत राहणे यांतला फरक हा असा आहे.

हे काम वाटते तितके सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. खरे घोडे पेंड खाते ते फाइलींच्या नावांपाशी. ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी साध्या क्रमांकांनी साठवली, तर बरेच रेडिओ त्यांची मांडणी १, १०, ११, १२ अशी करतात आणि २ ला पार मागे टाकतात; रामकथा अशी उड्या मारू लागते की ऐकणाऱ्याला वनवास आधी की स्वयंवर आधी तेच कळेना. उपाय एवढाच की ०१, ०२ असे आकडे घालायचे. देवनागरीची आणखी एक अडचण आहे. एमपी३ फाइलवर माहिती चिकटवण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतीत शीर्षकासाठी फक्त ३० बाइट असतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, आजच्या प्रचलित सांकेतिक पद्धतीत ३ बाइट घेते. ‘कट्यार काळजात घुसली’ एवढ्या नावाला ५३ बाइट लागतात. ३० मध्ये ते ‘कट्यार काळ’ इथेच तुटते. नव्या पद्धतीत ही मर्यादा नाही, पण अनेक रेडिओंच्या पडद्यावर देवनागरीचा फाँटच नसतो, तिथे नुसते चौकोन दिसतात. नाइलाजाने नावे रोमन लिपीत टाकावी लागतात. कोट्यवधी लोकांची भाषा दाखवू न शकणारा पडदा हा यंत्राचा दोष आहे, ग्राहकाचा नव्हे, आणि तसे विक्रेत्याला ऐकवायलाही हरकत नाही. नावांचा हा खटाटोप मात्र वाया जात नाही. आपल्या नाट्यसंगीतात किंवा भावगीतात गायकाइतकाच कवी आणि संगीतकार महत्त्वाचा. स्ट्रीमिंगच्या यादीत कवीचे नाव बहुधा शोधावेच लागते. घरच्या फाइलवर गीतकार, संगीतकार, नाटक, साल असे सगळे रकाने आपल्याला हवे तसे भरता येतात, आणि एकदा संगणकावर भरले की घरातल्या प्रत्येक यंत्राला तेच मिळतात.

काही जण म्हणतील, मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे लावले की झाले. होते खरे; पण मग मोबाइल त्या खोलीत अडकतो, फोन आला की गाणे थांबते, आणि मोबाइलवाला घराबाहेर पडला की घरातल्या आजोबांचा रेडिओ गप्प. पेन ड्राइव्हचा आक्षेप याहून वजनदार आहे. एकच खोली, एकच श्रोता, ठरलेली दोनशे गाणी असतील तर पेन ड्राइव्हसारखे सुटसुटीत काही नाही, आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. सारेगामाच्या ‘कारवां’चे यशही हेच सांगते. २०१७ मध्ये ५,००० गाणी आतच भरलेला हा डबा बाजारात आला आणि नेटवर्क, पासवर्ड, अ‍ॅप यांतले काहीही न लागता वाजतो म्हणून ज्येष्ठांनी तो डोक्यावर घेतला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. लोकांना गाणी यंत्रात हवी आहेत, ढगात नकोत, याचा याहून चांगला पुरावा बाजार देणार नाही. फक्त त्या डब्यातली निवड कंपनीची आहे. घरच्या नेटवर्कवरच्या संग्रहात हाच सोपेपणा आपल्या निवडीला मिळू शकतो, आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवर एक, दिवाणखान्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर दुसरे गाणे एकाच वेळी वाजू शकते. आपल्याकडे स्वतंत्र इंटरनेट रेडिओ फारसे विकले जात नाहीत. पण पुष्कळ स्मार्ट टीव्ही आणि होम थिएटरचे अ‍ॅम्प्लिफायर यांत हीच सोय दडलेली असते.

विजेचा मुद्दाही निघतो. जुना डेस्कटॉप ६० वॉट खात असेल आणि चोवीस तास चालू ठेवला, तर महिन्याला ४३ युनिट होतात. त्यापेक्षा वर्गणी परवडली, हे खरेच. पण त्याच कामाला ५ वॉटचे छोटे यंत्र पुरते आणि ते महिन्याला चार युनिटही घेत नाही. रेडिओला संगणक सापडतच नाही, ही नेहमीची तक्रार. तिचे कारण पुष्कळदा इतकेच असते की रेडिओ राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असतो आणि संगणक मुख्य नेटवर्कवर.

कायद्याबद्दलची धास्ती मात्र नीट तपासली पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य उपयोगाला स्पष्ट मोकळीक आहे. विकत घेतलेली सीडी किंवा कॅसेट स्वतःच्या संगणकावर उतरवून स्वतःच्या घरात ऐकणे या मोकळिकीच्या आशयाला धरूनच आहे. तीच फाइल शंभर जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे किंवा हॉटेलात वाजवणे हा वेगळा मामला. तिथे ही मोकळीक पुरत नाही, आणि कलावंताचे पैसे बुडवायला घरच्या नेटवर्कची ढाल पुढे करू नये. गाणी विकत घेऊन फाइल स्वरूपात मिळण्याची दुकाने कमी होत चालली आहेत, ही खरी अडचण आहे. मराठी ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या कंपन्यांनी आपली जुनी भांडारे कुलूप नसलेल्या फाइलींत विकायला काढली, तर घेणारे मिळतील. आकाशवाणीच्या भांडाराबद्दलही हेच म्हणता येईल. ते लोकांच्या पैशातून उभे राहिले आहे.

राहिला प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती यंत्राला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. सर्व्हर किती वर्षे चालू ठेवणार, हे मात्र तो कायदाही विचारत नाही. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूही घेतल्या. सुटे भाग आणि दुरुस्ती केंद्रे यांची माहिती तिथे मिळावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण सर्व्हर बंद केल्यामुळे निकामी होणाऱ्या यंत्राला कुठला सुटा भाग लावणार? म्हणून खोक्यावर दोन गोष्टी छापणे सक्तीचे करावे : हे यंत्र कंपनीच्या सर्व्हरशिवाय काय काय करू शकते, आणि तो सर्व्हर कोणत्या सालापर्यंत चालवण्याची हमी आहे. यामुळे वस्तू महाग होतील असे उत्पादक म्हणतील. छपाईची एक ओळ महाग नसते. महाग पडते ते त्या ओळीतले वचन पाळणे, आणि ते किती महाग आहे हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच कळलेले बरे.

हा नियम होईल तेव्हा होईल. तोवर वाय-फायवर चालणारा रेडिओ, स्पीकर किंवा टीव्ही घ्यायला गेलात, तर दुकानदाराला राउटरची इंटरनेटची तार काढायला सांगा आणि दुकानातल्याच संगणकावरचे एक गाणे त्या यंत्रावर, त्याच्याच बटणांनी लावून दाखवायला सांगा. वाजले तर घ्या.